यवतमाळचं स्वतःचं गाणं

यवतमाळच्या कोर्टात वकिली करणारा आणि शिकारीच्या नादापायी जंगलं पालथी घालणारा एक माणूस उतारवयाकडे झुकताना व्यासपीठावर उभा राहतो, समोर बसलेल्यांना ‘दोस्तहो’ अशी साद घालतो आणि स्वतः लिहिलेले मराठी शेर ऐकवू लागतो. विषय इश्काचा, मदिरेचा, मरणाचाही. पण सूर रडका नाही. उर्दूतला आशिक प्रेयसीच्या दारात अश्रू ढाळत बसतो, मराठी आशिक तसा बसणार नाही, हे त्यानं ठरवूनच टाकलेलं. वासुदेव वामन ऊर्फ भाऊसाहेब पाटणकर (१९०८ ते १९९७) यांची ही मैफल पुढे महाराष्ट्रभर फिरली. ‘मराठी शायरी’, ‘मराठी मुशायरा’, ‘मैफिल’, ‘दोस्तहो’, ‘जिंदादिल’ ही त्यांची पुस्तकं लोकांनी वाचली हे खरं, पण त्यांचं नाव झालं ते पुस्तकांमुळे नव्हे, समोरासमोरच्या सादरीकरणामुळे.

स्वतः लिहायचं, स्वतःच्या पद्धतीनं म्हणायचं, कुठल्या कंपनीच्या शिक्क्याची वाट पाहायची नाही आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून उभं राहायचं. मुंबई-पुण्याची तरुण मंडळी आज ज्याला ‘इंडी’ संगीत म्हणतात आणि ज्यासाठी संध्याकाळी एखाद्या लहानशा क्लबात तिकीट काढून जातात, त्या रीतीचं वर्णन याहून फारसं वेगळं करता येणार नाही. यवतमाळ जिल्ह्यात असे क्लब नव्हते, आजही नाहीत. पण ही रीत इथे भाऊसाहेबांच्याही आधीपासून नांदते आहे. तिचा इतिहास सभागृहांत शोधला तर सापडत नाही. तो गावाच्या आखरावर, दर्ग्याच्या आवारात, बुद्धविहारापुढच्या मांडवात आणि शाळेच्या पटांगणात आहे.

त्या इतिहासाचं सगळ्यात जुनं टोक प्रधानांच्या किंगरीपाशी आहे. गोंड आणि कोलाम वस्तीचा हा जिल्हा. पांढरकवडा, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या पट्ट्यात त्यांची गावं आहेत. प्रधान हे गोंडांचे परंपरागत गायक आणि कथाकार. किंगरी म्हणजे तीन तारांचं, घोड्याच्या केसांच्या गजानं वाजवायचं वाद्य. एकेका प्रधान कुटुंबाशी गोंड यजमानांची ठरावीक घरं पिढ्यान्‌पिढ्या जोडलेली असत. प्रधानानं वर्षाकाठी त्या घरी जायचं, त्यांच्या कुळाची, देवांची, पूर्वजांची गाथा गायची आणि धान्य, कपडा, कधी जनावर अशी बिदागी घेऊन पुढच्या घरी जायचं. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात यवतमाळला लागून असलेल्या आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहून या गाथांच्या नोंदी केल्या. मधल्या पैनगंगेनं राज्यं वेगळी केली, गाणं मात्र दोन्ही काठांवर एकच राहिलं.

दिवाळीच्या सुमाराला याच भागात दंडार निघते. डोक्यावर मोरपिसांचे टोप घातलेले घुसाडी नर्तक, सोबत ढोल-वाजंत्री, आणि एका गावाची मंडळी दुसऱ्या गावाची पाहुणी. यजमान गावानं पाहुण्यांना जेवू घालायचं, रात्री नाच आणि गाणं, सकाळी पुढचं गाव. एखाद्या वादक चमूच्या दौऱ्याला लागतं ते सगळं इथे आहे: ठरलेला हंगाम, ठरलेली वाट, मुक्कामाची सोय आणि ओळखीचे श्रोते. तिकीट मात्र नाही. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. तिच्या हलाखीवर अहवाल निघतात, तिच्या गाण्यावर फारच थोडं लिहिलं जातं, ही खंत इथे नोंदवायलाच हवी.

विसाव्या शतकात या गाण्याला दुसरं वाद्य मिळालं. खंजिरी. हातात मावेल एवढं कडं, एका बाजूला ताणलेलं चामडं, कडेला पितळी चकत्या. वजन नाही, किंमत नाही, झोळीत टाकून दहा कोस चालता येतं. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत १९०९ साली जन्मलेल्या माणिकनं, म्हणजेच पुढच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी, या एका वाद्यावर सगळा विदर्भ जागा केला. शब्द त्यांचे, चाल त्यांची, आवाज त्यांचा. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टीत लोक उठले, त्यामागे त्यांच्या भजनांचा वाटा होता हे इंग्रज सरकारनंही ओळखलं. महाराजांना अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात राहावं लागलं. मोझरीच्या गुरुकुंज आश्रमातून सुरू झालेलं श्रीगुरुदेव सेवा मंडळाचं जाळं यवतमाळच्या खेड्यापाड्यांत पोचलं आणि बहुतेक गावांत एकेक भजनी मंडळ उभं राहिलं. महाराज १९६८ साली गेले. खंजिरी गेली नाही. अकोला जिल्ह्यातल्या सिरसोलीचे सत्यपाल महाराज सात खंजिऱ्या एकट्यानं वाजवत हुंडा, दारू, अंधश्रद्धा यांवर आजही बोलतात आणि खेड्यात त्यांच्या कार्यक्रमाला बायाबापड्या लेकरं मांडीवर घेऊन रात्र काढतात.

या भागातल्या कार्यक्रमांचा हंगाम पाहिला की त्यामागचा हिशोब दिसतो. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून आलेली अरुंद रुळांची ‘शकुंतला’ रेल्वे इथला कापूस वाहून नेण्यासाठीच होती. दसऱ्यानंतर वेचणी, मग बंड्या जिनिंगकडे, मग चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे. १९७२ साली राज्यानं कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली तेव्हापासून तर चुकारा कधी मिळतो यावरच घरातली लग्नकार्यं आणि गावातले कार्यक्रम ठरू लागले. हातात पैसा असतो तो पौष ते चैत्र या काळात. वणीची रंगनाथ स्वामींची यात्रा, आर्णीचा बाबा कंबलपोष यांचा उर्स, आणि चैत्र-वैशाखात येणारी भीमजयंती ही सगळी त्याच काळात किंवा त्याच्या काठावर. गायकाला तारीख देताना गावकरी पंचांग पाहत, आणि पंचांगाआधी कापसाचा भाव.

आणि मग कव्वालीचा मुकाबला. इथे जरा थांबायला हवं, कारण विदर्भाच्या गाण्याच्या इतिहासातलं हे सर्वांत भरघोस पान आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. लाखो लोकांनी एका दिवसात जुने देव सोडले, म्हणजे जुन्या आरत्या, जागरणं, गोंधळ हेही सोडले. घरात बारसं आहे, लग्न आहे, जयंती आहे. मग गायचं काय? हे गाणं बाहेरून मिळणार नव्हतं. ते ज्यांचं त्यांनाच लिहावं लागलं, आणि त्यांनी ते लिहिलं. नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४) यांना अक्षरओळख मोठेपणी झाली. त्यानंतरचं सारं आयुष्य त्यांनी गावोगाव फिरून गाण्यात घालवलं, विदर्भातही ते पुन्हा पुन्हा येत राहिले. नागपूरचे नागोराव पाटणकर कव्वालीच्या ढंगात भीमगीतं गात. त्यांच्या मागे डझनावारी गायन पार्ट्या उभ्या राहिल्या. कुणी गिरणीत कामाला, कुणी शाळामास्तर, कुणी रोजमजूर.

मुकाबल्याचं रूप असं. एकाच मंचावर दोन पार्ट्या, बऱ्याचदा एक पुरुष गायकाची, एक गायिकेची. पेटी, ढोलकी, तबला, बेंजो, मागे टाळ्या आणि कोरस. पहिल्या पार्टीनं वंदना घ्यायची, मग बाबासाहेबांच्या आयुष्यातला एखादा प्रसंग, मग हळूच समोरच्या पार्टीला सवाल टाकायचा. सवाल इतिहासातला असेल, धम्मातला असेल किंवा नुसता खोडसाळ. दुसऱ्या पार्टीनं तिथल्या तिथे, त्याच चालीत किंवा त्याहून सरस चालीत जवाब द्यायचा. पाठ करून आलेल्याला इथे तग धरता येत नसे. मंडपातून कुणी तरी उठतो, पायऱ्या चढून मंचावर येतो, दहाची नोट गायकाच्या पेटीवर ठेवतो आणि कानात काही सांगतो. गायक ओळ तोडून ध्वनिक्षेपकावर देणाऱ्याचं नाव, गाव आणि रक्कम पुकारतो, आणि नेमकी तोडलेल्या जागेवरून ओळ पुन्हा उचलतो. लय सुटत नाही. अशा किती नोटा येतात त्यावर गायकाची त्या रात्रीची कमाई आणि पुढच्या वर्षीची सुपारी ठरते. कोण जिंकलं हे सांगायला परीक्षक लागत नाही, मंडपच सांगतो.

मंचाच्या कडेला सतरंजीवर गाण्यांच्या पुस्तिका मांडलेल्या असत. सोळा किंवा बत्तीस पानांच्या, पातळ रंगीत कागदाचं वेष्टन, वर कवीचा छोटा फोटो, आत गाणी आणि प्रत्येक गाण्यावर ‘चाल’ म्हणून एखाद्या सिनेगीताचं नाव. खर्च कवीचा स्वतःचा, छपाई गावातल्या छापखान्यात, विक्री मुकाबल्याच्या रात्री. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या चमूनं १९७७ साली उसनवारीच्या पैशातून ‘स्पायरल स्क्रॅच’ ही तबकडी स्वतः काढली आणि कंपन्यांशिवाय संगीत निघू शकतं याचा तिकडे मोठा गाजावाजा झाला. तो योग्यच होता. पण विदर्भातले कवी तेच काम त्याआधीपासून, त्याहून कमी पैशात करत होते, आणि त्यांचं कुणी कौतुक लिहून ठेवलं नाही.

१९८० च्या दशकात कॅसेट आली. मुकाबल्याची गाणी पानटपरीवर, एसटी स्टँडवर वाजू लागली. गायकांना त्यानं ओळख दिली हे मान्य करावं लागेल. पण कॅसेटमध्ये सवाल होते, मंडपातून येणारा जवाब नव्हता. त्यामुळे रात्रभराचा मुकाबला कॅसेटमुळे मेला नाही. त्याला धक्का बसला तो पुढे, आणि तो दुसऱ्याच कारणानं.

त्याच दशकात जिल्ह्यातल्या आर्णीत एक वेगळंच काम चाललं होतं. आर्णी हे अरुणावती नदीकाठचं तालुक्याचं गाव. तिथल्या शाळेत संगीत शिकवणारे सुधाकर कदम मराठी गझलांना चाली लावत होते. त्यांचा जन्म १९४९ चा, कळंब तालुक्यातल्या दोनोड्याचा. घरात वारकरी गाणं. मराठीत गझल लिहिली जात होती, माधव ज्यूलियनांचा ‘गज्जलांजली’ तर १९३३ चा. पण ती मैफलीत तास-दोन तास गायली जाऊ शकते, श्रोता त्यासाठी बसून राहतो, यावर फारसा कुणाचा भरवसा नव्हता. सुरेश भटांची गाणी हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत, लताबाई-आशाबाईंच्या आवाजात मुंबईच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली होती आणि घराघरांत पोचली होती. स्टुडिओतलं साडेतीन मिनिटांचं गीत एक आणि शेरामागून शेर उलगडत, एखादी ओळ चार तऱ्हांनी घोळवत, श्रोत्याची दाद घेत पुढे जाणारी गझल-गायकी दुसरी. उर्दूत मेहदी हसन आणि गुलाम अली यांनी ती रुळवली होती. मराठीत ती उभी करायची होती.

कदमांनी नुसत्या मराठी गझलांचा कार्यक्रम बांधला, ‘अशी गावी मराठी गझल’. आणि त्याच्या निवेदनाला बसले खुद्द सुरेश भट. अमरावतीचा हा कवी, जन्म १९३२, एका पायानं अधू, आवाज भारदस्त, मतं ठाम. स्वतः तरन्नुममध्ये गझल म्हणण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. तरीही ते आर्णीच्या एका शाळामास्तराच्या शेजारी बसले आणि शेर कसा ऐकावा, मतला म्हणजे काय, काफिया कुठे येतो, दाद कुठे द्यावी हे श्रोत्यांना समजावून सांगू लागले. त्यांनी ‘गझलची बाराखडी’ ही छोटी पुस्तिका काढली आणि नवोदित कवींना फुकट वाटली. कवितेच्या नावानं कुणी पत्र पाठवलं तर त्याच्या ओळी दुरुस्त करून ते उत्तर धाडत. म्हणजे एका बाजूला गायक घडत होता, दुसऱ्या बाजूला श्रोता आणि तिसऱ्या बाजूला पुढचा कवी. मैफलीची परंपरा अशीच उभी राहते. तिन्हींपैकी एक जरी नसला तरी ती ढासळते. अमरावती जिल्ह्यातल्या आष्टगावचे भीमराव पांचाळे यांनी ‘गझलनवाज’ म्हणून पुढे ही गायकी राज्यभर नेली, गझल संमेलनं भरवली. वऱ्हाडच्या दोन खेड्यांतून आलेल्या या दोघांनी मराठी मैफलीला जे दिलं ते महानगरांतल्या कुठल्याही संस्थेच्या कामापेक्षा कमी नाही.

इथे एक योगायोगही सांगण्याजोगा आहे. यवतमाळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९७३ मध्ये भरलं तेव्हा अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर, म्हणजे ज्यांचे शब्द लोकांच्या ओठांवर गाणी होऊन बसले ते कवी. २०१९ च्या जानेवारीत ९२ वं संमेलन पुन्हा यवतमाळात आलं तेव्हा अध्यक्षा होत्या अरुणा ढेरे, लोकसाहित्य आणि ओवीगीतांवर आयुष्यभर काम केलेल्या. ते भरलं समता मैदानावर, ज्याला जुनी माणसं अजून पोस्टल ग्राउंडच म्हणतात. सभागृह दोन्ही वेळा लहान पडलं असतं. मैदानच लागलं.

मैदानाला मात्र घड्याळ लागलं. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येणार नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले फार तर १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या नियमांची अंमलबजावणी कडक करायला सांगितली. आजारी माणूस, परीक्षेचं पोरगं, लहान मूल यांचा विचार केला तर नियम चुकीचा नाही. पण मुकाबला रात्री नऊला लागायचा, खरा रंग दोनला चढायचा आणि पहाटे वंदनेनं संपायचा. दहाला संपणाऱ्या कार्यक्रमात सवाल-जवाब फुलत नाही. त्यामुळे दोन पार्ट्यांऐवजी एक पार्टी आली, एका पार्टीऐवजी ऑर्केस्ट्रा आला, आणि बऱ्याच ठिकाणी ऑर्केस्ट्राऐवजी डीजे. यातली गंमत नव्हे, दुर्दैव असं की सर्वांत जास्त आवाज करणारी गोष्ट टिकली आणि ढोलकी-पेटीवरचं गाणं मागे हटलं.

मोठ्या शहरांचीही गत फार निराळी नाही. मुंबईतलं धोबी तलावाजवळचं रंगभवन हे खुलं नाट्यगृह एकेकाळी रॉक कार्यक्रमांसाठी तरुणांचं तीर्थ होतं. शांतता क्षेत्राच्या नियमांनी ते मुकं झालं. २००७ साली लोअर परळच्या जुन्या गिरणीच्या आवारात सुरू झालेला ब्लू फ्रॉग क्लब २०१६ मध्ये बंद पडला. पुण्यात २०१० पासून एनएच७ वीकेंडर महोत्सवाला हजारो तरुण जमत राहिले, पण वर्षातून एकदा जमणारा महोत्सव म्हणजे रोजची, लहान, ओळखीची जागा नव्हे. स्वतःचं गाणं लिहिणाऱ्या पोराला गरज असते ती दोनशे श्रोत्यांची आणि महिन्यातून एका संध्याकाळची.

यवतमाळात ती संध्याकाळ आजही मिळते, फक्त तिची जाहिरात क्लबासारखी होत नाही. एप्रिलमधलं समता पर्व, महात्मा फुल्यांच्या स्मृतिदिनाच्या सुमाराचं स्मृती पर्व, कोलकात्याच्या खालोखाल आपलाच असं यवतमाळकर अभिमानानं सांगतात तो दुर्गोत्सव, गावोगावची तुकडोजी पुण्यतिथी, उर्सातली कव्वाली. यांतल्या कित्येक मंचांवर स्थानिक कवी स्वतःची गझल, स्वतःचं भीमगीत, स्वतःचं भजन घेऊन उभा राहतो. बाहेरच्या जगाला या जिल्ह्याचं नाव गेल्या पंचवीस वर्षांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे माहीत झालं. ते दुःख खरं आहे आणि इथल्या गाण्यातही ते आलं आहे. पण ज्या जिल्ह्यात खंजिरी, कव्वाली आणि गझल एकाच पिढीच्या कानावर पडली, त्याची ओळख एवढीच ठरू नये.

या इतिहासाचा मोठा भाग कुठल्याही ग्रंथालयात नाही. तो सोळा-सोळा पानांच्या पुस्तिकांत आहे, मुकाबल्याच्या पत्रकांत आहे, एखाद्या जुन्या कार्यकर्त्यानं जपलेल्या कॅसेटांत आहे. वाचकांपैकी कुणाच्या घरी, माळ्यावर, ट्रंकेत असं काही असेल तर ते रद्दीत घालू नका. जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागात किंवा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात नेऊन द्या, निदान पानांचे फोटो तरी काढून ठेवा, आणि कवीचं नाव, गाव व साल त्यावर लिहायला विसरू नका. आणि पुढच्या वेळी गावात पेटी-ढोलकीवरच्या कार्यक्रमाचं पत्रक दिसलं, तर दहा वाजेपर्यंत बसा आणि उठताना गायकाच्या पेटीवर बिदागी ठेवून या.